मदत हवी आहे: विहिरीत निघालेला चौकोनी खडा काच आहे की स्फटिक?

वाघूरकाठ

राम राम मंडळी.

शेत जामनेर तालुक्यात. यंदा विहिरीने दगा दिला म्हणून आणखी दोन परस खोल घ्यायला काढली. मुरूम संपला, काळा पाषाण लागला, सुरुंग लावावे लागले. तिसऱ्या सुरुंगाचा मलबा वर आला तर दगडात पोकळ्या आणि पोकळ्यांत नुसती चमचम. गल्लीतल्या पोरांनी खिसे भरले, मी एक घमेलं भरून घरी आणलं.

आठवड्याभरात मोटारसायकलवर एक घेणारा हजर. यांना वास कसा लागतो देव जाणे. चौकोनी खडे बोटांत फिरवून म्हणाला, "ही तर काच आहे, सगळ्याचे दोनशे देतो." काचच आहे तर नेतो कशाला भो, असं विचारलं तर नुसता हसला. दिले नाहीत.

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलेलं, आता केळी नि शिकवण्या. भाचा नववीत आहे, त्याला विज्ञान प्रदर्शनात काहीतरी मांडायचंय. म्हटलं, ध्रुवित प्रकाशाने, म्हणजे ज्याच्या लहरी एकाच दिशेत हलतात अशा प्रकाशाने बघू. बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या काचेवरची पोलरायझर पट्टी (एकाच दिशेच्या लहरी जाऊ देणारी) ब्लेडने सोलली, जुन्या एलसीडी मॉनिटरवर पांढरं पान उघडलं. अशा मॉनिटरचा प्रकाश मुळातच ध्रुवित असतो, त्यामुळे पट्टी डोळ्यासमोर धरून फिरवली की एका ठिकाणी पडदा काळाठिक्कर. पट्टी तिथेच ठेवायची आणि मध्ये खडा धरायचा.

पहिला खडा तिरक्या पेटीसारखा. कॅलेंडरवर ठेवला तर खालच्या अक्षराचे दोन ठसे दिसतात, आणि खडा फिरवला की एक ठसा जागेवर, दुसरा त्याच्याभोवती गिरकी घेतो. वरून पट्टी फिरवली की आधी एक गायब, मग दुसरा. काळ्या पडद्यासमोर हा लख्ख उजळतो आणि एका फेरीत चारदा विझतो. हा कॅल्साइट, याबद्दल शंका नाही.

अडलंय ते दुसऱ्यापाशी. मिठाच्या मोठ्या खड्यासारखा, चौकोनी, वरून सपाट, हिरवट झाक. बूड पडद्याकडे करून धरला, गरागरा फिरवला, तरी काळाच. बाटलीच्या काचेचा तुकडाही तसाच काळा राहिला. म्हणजे तो घेणारा खरं बोलला का?

दुसरी शंका भाच्याची: "मामा, खड्यातून उजेड आरपार जातो. मग सोन्या-तांब्याचं काय?" मला पटकन सांगता आलं नाही.

एक_आण्याची_शंका

विहिरीला पाणी लागलं का, ते सांगितलंच नाही.

खडकफोड्या

काच विहिरीच्या पाषाणात कुठून येणार, दादा? लाव्ह्याच्या थरातल्या वायूच्या बुडबुड्यांत नंतर पाणी झिरपलं आणि त्यातून हे खडे वाढले. तुमच्या वर्णनावरून मला ॲपोफिलाइट वाटतो. देशोदेशीच्या संग्राहकांकडे 'जळगाव' अशी चिठ्ठी लावलेले त्याचे नमुने असतात.

आता काळा का? स्फटिकात शिरलेला प्रकाश दोन वाटांनी जातो आणि दोन्ही वाटांचा वेग वेगळा असतो. त्या फरकामुळे ध्रुवणाची दिशा बदलते आणि पट्टीतून उजेड निसटतो. कॅल्साइटमध्ये हा फरक दांडगा: एका वाटेचा अपवर्तनांक (प्रकाश किती मंदावतो त्याचा आकडा) 1.658, दुसरीचा 1.486. म्हणून तर नुसत्या डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात. 1669 मध्ये डेन्मार्कच्या बार्थोलिनने पहिल्यांदा लिहून ठेवलं ते हेच. पण अशा प्रत्येक स्फटिकात एक दिशा असते, प्रकाशीय अक्ष, जिच्या रोखाने गेलं तर दोन्ही वाटा एकच होतात. ॲपोफिलाइटमध्ये हा अक्ष नेमका बुडापासून माथ्यापर्यंत उभा असतो. तुम्ही बूड पडद्याकडे करून धरलात, म्हणजे बरोब्बर त्याच रोखाने बघितलंत. फिरवून काय होणार!

आणि एका बाजूने काळा दिसला म्हणून काच ठरत नाही. मीठ आणि हिरा घनाकृती (क्यूबिक) रचनेचे, सगळ्या दिशांनी सारखे, तेही पट्टीखाली काळेच. फरक एवढाच की ते तिन्ही बाजूंनी काळे राहतील. तुमचा खडा आडवा पाडा, कुशीवर, मग फिरवा. फिरवायला विसरू नका, कारण अक्ष पट्टीच्या रेषेत आला तर आडवाही काळाच दिसेल. याचा दोन वाटांतला फरक फार थोडा, हजारात एक-दोन इतका, तेव्हा जाडसर खडा घ्या.

टंचवाला

मी जळगावला सराफीत आहे. भाच्याचा प्रश्न आवडला. आमच्याकडे आधी कसोटीवर रेघ ओढून तेजाब लावायचे, आता मशीनवर टंच काढतात. त्यात क्ष-किरण मारतात, मग सोनं, चांदी, तांबं आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण परत सोडतात, त्यावरून कशाचा किती भाग ते कळतं. तोही एका अर्थी प्रकाशच. फक्त मशीन वरवरचाच थर वाचतं, जाड मुलामा असला की फसतं. नुसत्या रंगावर जाऊ नका, चकचकीत पितळ नवख्याला सोन्यासारखंच दिसतं.

लॅबकोट

धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात, ते प्रकाशाला उंबऱ्यावरूनच परत धाडतात. आत शिरतो तो मिलिमीटरचा काही लक्षांश भाग. म्हणून धातू आरपार बघायचा नसतो, त्यावरून परत आलेला उजेड वाचायचा. चांदी सगळे रंग जवळजवळ सारखेच परत देते म्हणून पांढरी. सोनं निळा-जांभळा गिळतं आणि बाकीचे परत देतं, म्हणून पिवळं.

तरी आरपार बघायचंच असेल तर टंचवाल्यांकडून सोन्याचा वर्ख मिळवा आणि दिव्यासमोर धरा. पलीकडचा उजेड हिरवट दिसतो. इंग्रज शास्त्रज्ञ फॅरेडेने 1857 मध्ये यावर अख्खं व्याख्यान दिलं होतं.

प्रदर्शनासाठी फुकटातलं सांगतो. टेबलावर काच आणि शेजारी स्टीलचं ताट ठेवा. दोन्हींत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तिरक्या नजरेने, लंबापासून साधारण 56 अंशांवर, पट्टीतून बघा आणि पट्टी फिरवा. काचेतली ट्यूब जवळजवळ विझते. ताटातली मंद होईल, पण विझणार नाही. धातूत असा पूर्ण विझण्याचा कोन सापडतच नाही. ते ध्रुवण नेमकं किती नि कसं बदललं हे मोजून धातूचे प्रकाशीय गुणधर्म काढतात, त्या यंत्राला एलिप्सोमीटर म्हणतात. परावर्तनाने प्रकाश ध्रुवित होतो हे फ्रेंच शास्त्रज्ञ मालुसला 1808 मध्ये कळलं, पॅरिसमधल्या एका राजवाड्याच्या खिडक्यांवरचं मावळतीचं ऊन कॅल्साइटमधून बघताना. तुमच्या घमेल्यात आहे तोच खडा.

पुढेमागे एखाद्या कॉलेजात रामन यंत्र (लेसर मारून विखुरलेल्या उजेडावरून पदार्थ ओळखणारं) मिळालं तर खडा दोन मिनिटांत ओळखू येईल. त्याच्या आलेखावर कॅल्साइटची ठळक रेघ 1086 वर (एकक: दर सेंटिमीटर) येते, गारेची (क्वार्ट्झची) 465 च्या आसपास. अंगठी मात्र ठेवू नका. शुद्ध सोन्याच्या अणूंच्या जाळीत तशी रेघ देणारं कंपनच नसतं.

वाघूरकाठ

झालं! खडा कुशीवर पाडला, हळूहळू फिरवला, तर काळ्यातून दुधट उजेड वर आला, पुन्हा विझला, पुन्हा आला. चार वेळा. भाचा ओरडला तेव्हा ओट्यावर झोपलेली आजी दचकून उठली. शेजारी मिठाचा खडा धरला, तो तिन्ही बाजूंनी काळाच. ताटाचा प्रयोगही जमला, फक्त आमच्या ताटावर इतके ओरखडे की आईचं ठेवणीतलं नवं ताट काढावं लागलं.

घेणारा परवा परत आला. मी काही न बोलता त्याला मॉनिटरसमोर बसवलं. पाच मिनिटांत दोनशेचे आठशे झाले. तरी दिले नाहीत.

आता एकच विचारायचंय. खड्यांवर मातीचा लेप बसलाय, तेजाबात बुडवू का? आणि एक_आण्याची_शंका, पाणी लागलं, पण घुटकाभरच.

खडकफोड्या

तेजाब अजिबात नको, दोन्ही खडे खराब होतील. साधं पाणी आणि दात घासायचा मऊ ब्रश. आणि तव्यावर वगैरे वाळवू नका. ॲपोफिलाइटच्या आत पाणी असतं, तापवला की पापुद्रे सुटतात, त्याचं नावही त्यावरूनच पडलंय. सावलीत ठेवा. मे महिन्यात आपल्याकडचा पत्रा म्हणजे तवाच.