टेक्सासचा आयबोगेन कायदा: माजी सैनिकाला औषध मिळणार का?

तळटीप:
टेक्सासने २०२५ मध्ये आयबोगेनसाठी (आफ्रिकेतल्या इबोगा झुडपापासूनचं, भास घडवणारं औषध) ५ कोटी डॉलर मंजूर केले (विधेयक एचबी ४०१४). मग पीटीएसडी (युद्धासारख्या आघातानंतर जडणारा मानसिक विकार) असलेल्या तिथल्या माजी सैनिकाला डॉक्टर आता हे औषध लिहून देतील का, की त्यासाठी मेक्सिकोतलं क्लिनिकच गाठायचं?

ह्यूस्टनकर:
या कायद्याने तरी नाही. पैसा चाचण्यांसाठी आहे, रुग्णाच्या बिलासाठी नाही, आणि कंपनीनेही तेवढीच रक्कम घालायची अशी अट आहे. आयबोगेन केंद्राच्या शेड्यूल वनमध्ये, म्हणजे डॉक्टरला लिहून देता येत नाहीत अशा औषधांच्या यादीत. राज्याला ते हलवता येत नाही. चाचणीत नाव लागलं तर डोस. २०२१ च्या एचबी १८०२ चंही तेच: सायलोसिबिनचा (भास घडवणाऱ्या मशरूममधलं द्रव्य) अभ्यास बेलर मेडिकल कॉलेजबरोबर, दवाखाना एकही नाही.

लीड_टू:
मेक्सिकोआधी ईसीजी काढा. आयबोगेन हृदयातले पोटॅशियमचे मार्ग अडवतं, क्यूटी (ईसीजीवरचा, ठोक्यानंतर हृदय पूर्ववत होण्याचा वेळ) लांबतो, ठोके बिघडून माणसं दगावली आहेत. मेथाडोननेही (अफूवर्गीय व्यसनावरचं औषध) क्यूटी लांबतो, त्यामुळे ही जोडी नकोच. उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम, मॅग्नेशियम उतरलं असेल तर धोका आणखी वाढतो. शिवाय शरीरात तयार होणारं नॉरआयबोगेन रेंगाळतं, म्हणजे एका रात्रीच्या मॉनिटरवर भागत नाही. स्टॅनफर्डच्या २०२४ च्या अभ्यासात सोबत मॅग्नेशियम दिलं होतं. महिन्याने पीटीएसडीची लक्षणं सरासरी ८८ टक्के कमी, हे खरं. पण माणसं ३०च आणि तुलनेला दुसरा गट नाही.

दहा_दहा:
उपचार आत्ता हवा असेल तर डीडी-२१४ (लष्करातून सुटल्याचा दाखला) काढा आणि व्हीएचा (माजी सैनिकांचं केंद्रीय खातं) १०-१०ईझेड हा उपचार-नोंदणीचा फॉर्म भरा. नुसतं "काउन्सेलिंग" मागू नका, गप्पांवर बोळवण होते. सीपीटी (आघाताबद्दलचे विचार तपासून बदलणारी थेरपी, साधारण १२ बैठका) किंवा प्रोलाँग्ड एक्सपोजर (टाळलेल्या आठवणींना हळूहळू सामोरं नेणारी थेरपी, ८ ते १५ बैठका, दीड-दीड तासाच्या) असं नाव घेऊन मागा. गाडीने सरासरी ३० मिनिटांपेक्षा लांब जावं लागत असेल किंवा तारीख २० दिवसांपलीकडची असेल, तर मिशन कायद्याखाली व्हीएच्या खर्चाने बाहेरचा डॉक्टर मागता येतो. मंजुरीआधी गेलात तर बिल तुमच्या माथी. लढाईवर गेलेल्यांना व्हेट सेंटरमध्ये (व्हीएची समुपदेशन केंद्रं) व्हीएच्या नोंदणीशिवायही घेतात. राज्याच्या कायद्यांत कामाचा म्हणाल तर २०१५ चा एसबी ५५: त्यातल्या अनुदानातून स्थानिक संस्था बायकोमुलांनाही उपचार देतात. त्याची बातमी कोण करणार!

तळटीप:
व्हीएच्या क्लिनिकनेच "पुढच्या महिन्यात चालेल ना?" विचारलं तर?

दहा_दहा:
"हो" म्हणू नका. २० दिवस मागणीच्या तारखेपासून मोजतात, पण पुढची तारीख तुम्ही मान्य केली की तीच धरली जाते. "बाहेर पाठवा" म्हणा, आणि तेच त्याच दिवशी सिक्युअर मेसेजमध्ये (व्हीएच्या ऑनलाइन खात्यातला संदेश) लिहून टाका.