शेक संपले, तरी कातडी काळवंडतेच आहे?

ताई, तुम्ही लिहिलंय की आईचे स्तनाच्या कॅन्सरसाठीचे 15 शेक, म्हणजे रेडिएशनच्या सिटिंग, गेल्या शुक्रवारी संपले आणि आता काखेतली कातडी जास्तच काळी पडून सोलायला लागलीय. घाबरू नका, माझंही असंच झालं होतं. रेडिएशनचा परिणाम शेवटच्या सिटिंगनंतरही आठ-दहा दिवस वाढत जातो, मग हळूहळू उतरतो. मी ब्रा सोडून यांचे जुने, धुऊन धुऊन मऊ पडलेले सुती बनियन घालायचे. कोमट पाणी, सौम्य साबण आणि पंचाने नुसतं टिपायचं, चोळायचं नाही. हळदीचा लेप सुचवणाऱ्या शेजारणींना चहा पाजा, सल्ला घेऊ नका! कातडी ओली होऊन पाणी सुटलं किंवा ताप आला तर लगेच दाखवा. मलम डॉक्टरांनीच ठरवावं.

थकव्याचं मात्र आधी कुणी नीट सांगत नाही. कणीक मळता मळता मी ओट्याला टेकून उभी राहायचे. रोज 20 मिनिटं चालणं मला झोपून राहण्यापेक्षा जास्त लागू पडलं. हाताचे व्यायामही चालू ठेवा, खांदा आखडतो. आणि दोन-तीन महिन्यांनी कोरडा खोकला किंवा धाप लागली तर अंगावर काढू नका. रेडिएशन झालंय हे त्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.