परदेशात लष्करी प्रशिक्षक म्हणून काम केलेल्यांना एक प्रश्न

प्रश्न : साखळीची शिक्षिका

नमस्कार. मी गोव्यातील साखळी येथे उच्च माध्यमिक वर्गांना इतिहास शिकवते. 30 एप्रिल 1975 रोजी दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन पडली आणि 15 ऑगस्ट 2021 रोजी अफगाणिस्तानची राजधानी काबूल पडली. या दोन घटना शिकवताना विद्यार्थी दर वर्षी एकच शंका काढतात : परदेशी सल्लागारांनी वर्षानुवर्षे तयार केलेले, शस्त्रांची कमतरता नसलेले सैन्य इतक्या थोड्या दिवसांत कसे मोडून पडते? पुस्तकातले उत्तर मी देते, पण त्याने माझेच समाधान होत नाही. भारतीय शांतिसेना 1987 ते 1990 या काळात श्रीलंकेत होती आणि तेथे स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देण्याचे कामही आपल्या लोकांनी केले होते. गोव्यात स्थायिक झालेल्या निवृत्त सैनिकांपैकी कोणी ते काम केले असल्यास आज मागे वळून पाहताना त्यांना काय वाटते, हे जाणून घेण्याची माझी मनापासून इच्छा आहे.

उत्तर : निवृत्त पायदळ अधिकारी, पर्वरी

बाई, हा विषय मी घरातही फारसा काढत नाही, पण तुम्ही तो मुलांसाठी विचारला आहे म्हणून सविस्तर लिहितो.

29 जुलै 1987 रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. आपले सैन्य तेथे गेले ते तमिळ संघटनांकडून शस्त्रे जमा करून घेण्यासाठी; ऑक्टोबर उजाडला तेव्हा त्याच सैन्याला त्यांपैकी सर्वांत प्रबळ असलेल्या लिट्टे या संघटनेशी लढावे लागले. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या 30 जणांपैकी एकच वाचला. महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 रोजी धारातीर्थी पडले आणि त्यांना परमवीर चक्र मिळाले. हे सारे मी तेथे पोहोचण्यापूर्वी घडून गेले होते. मी 1989 च्या आरंभी पूर्वेकडे गेलो, तेव्हा उत्तर-पूर्व प्रांतात वरदराज पेरुमल मुख्यमंत्री होते आणि त्यांच्या सरकारच्या रक्षणासाठी एक नागरी स्वयंसेवक दल उभारले जात होते. त्या दलाची एक तुकडी काही महिने माझ्याकडे शिकायला होती.

मला तमिळ येत नव्हते. गावातलेच एक मास्तर माझे दुभाषी होते. मी पाच मिनिटे बोललो की ते अर्ध्या मिनिटात सांगून मोकळे होत, आणि मुले बराच वेळ बोलली की माझ्या वाट्याला एखादे वाक्य येई. मधल्या मध्ये काय गळते आहे, याचा विचारच मी केला नव्हता. एके दिवशी मी त्यांना स्पष्टच विचारले, तेव्हा ते म्हणाले की मुले नेमबाजीविषयी किंवा सुरुंगांविषयी काही विचारतच नाहीत. साहेब अजून किती दिवस आहेत, एवढेच ती रोज विचारतात.

त्या मुलांपैकी काही स्वतःहून आली होती, तर काहींना एका स्थानिक संघटनेच्या माणसांनी घरातून उचलून आणले होते. तिन्हीसांजेला त्यांच्या आया तारेच्या कुंपणापलीकडे येऊन उभ्या राहत आणि अंधार पडला तरी हलत नसत. मी ते वर कळवले. भरती हा आपला विषय नाही, प्रशिक्षण हा आपला विषय आहे, असे उत्तर आले आणि मी ते मुकाट्याने मान्य केले. ती चूक माझी होती, आणि आजही मी ती दुसऱ्या कोणावर ढकलत नाही.

जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी शांतिसेनेने 29 जुलै 1989 पर्यंत देश सोडावा, अशी जाहीर मागणी केली. ती तारीख उलटून गेली तरी आम्ही तेथेच होतो, परंतु त्या दिवसापासून माझा वर्ग पहिल्यासारखा राहिला नाही. रायफल सर्वांत झटपट उघडून जोडणारा मुलगा एका सकाळी आला नाही आणि पुन्हा कधीच दिसला नाही. आपली शेवटची तुकडी 24 मार्च 1990 रोजी त्रिंकोमालीहून निघाली. त्यानंतर लिट्टेने ते दल मोडून काढले; कित्येक तरुण मारले गेले, काही समुद्र ओलांडून भारतात आले. आपले सुमारे 1,200 जवान त्या बेटावर कामी आले आणि त्यांची नावे कोलंबोजवळच्या स्मारकावर कोरलेली आहेत. मी शिकवलेल्या मुलांची नावे कोठेच नाहीत.

सैन्य मोडून पडते, असे आपण दुरून म्हणतो. शिकवणारा एक दिवस बोटीत बसून निघून जाणार आणि आपल्या आईचे घर मात्र येथेच राहणार, हे ज्या मुलाला पहिल्या दिवसापासून माहीत असते, त्याच्या हातात बंदूक किती काळ टिकेल?

उत्तर : युद्धेतिहासाचा वाचक, मडगाव

साहेबांच्या अनुभवापुढे माझे वाचन अपुरे आहे, तरीही एक मुद्दा जोडावासा वाटतो. माघारीची तारीख हे एक कारण झाले. सल्लागाराच्या हाती हुकूम नसतो, हे त्याहून मूळचे कारण आहे.

2 जानेवारी 1963 रोजी मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात आप बाक येथे दक्षिण व्हिएतनामी सैन्याने संख्येने कितीतरी कमी असलेल्या कम्युनिस्ट गनिमांना घेरले होते. अमेरिकी सल्लागार लेफ्टनंट कर्नल जॉन पॉल व्हॅन वरून विमानातून चिलखती गाड्या पुढे नेण्यासाठी रेडिओवर ओरडत राहिले, पण खालचा अधिकारी तासन्‌तास हलला नाही. त्याच्या दृष्टीने त्यात वेडेपणा नव्हता. ज्या अधिकाऱ्याची माणसे फार मरतील त्याची सायगॉनमध्ये मर्जी जाईल, हे त्याला पक्के ठाऊक होते आणि त्याची बढती व्हॅन यांच्या हाती नव्हती. त्या दिवशी पाच हेलिकॉप्टरे गेली आणि गनीम रात्रीतून निसटले.

याउलट मलायात, म्हणजे आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पात, कम्युनिस्ट बंडाच्या वेळी ब्रिटिश हे सल्लागार नव्हते, तेच सरकार होते. सर जेराल्ड टेम्पलर 1952 पासून मुलकी आणि लष्करी अशी दोन्ही सूत्रे एकट्याच्या हाती धरून होते. बंडखोरांपासून तोडण्यासाठी सुमारे पाच लाख लोकांना नव्या वसाहतींत हलवण्यात आले, आणि 31 ऑगस्ट 1957 रोजी देशाला स्वातंत्र्यही दिले गेले, त्यामुळे बंडखोरांचा मुख्य मुद्दाच संपला. तेथला अनुभव घेऊन रॉबर्ट थॉम्प्सन 1961 मध्ये सायगॉनला सल्लागार म्हणून गेले. तेथे वसाहतींचा तोच प्रयोग घाईने झाला, शेतकऱ्यांना वाडवडिलांच्या थडग्यांपासून आणि शेतांपासून तोडले गेले, आणि तो फसला.

उत्तर : जुना पेडणेकर

मी सैन्यात नव्हतो. माझी पेडण्यात काजूची बागायत आहे. गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला 15 ऑगस्ट 1955 रोजी गोवामुक्तीसाठी आलेल्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्या काळात पोर्तुगिजांनी आपल्या आफ्रिकी वसाहतींतले सैनिक गोव्यात आणले होते आणि त्यांची गस्त आमच्या वाड्यावरून जाई. त्यांना आमची भाषा येत नसे, आम्हाला त्यांची येत नसे. ती माणसेही कोणाची तरी मुले होती आणि दुसऱ्याच्या हुकमाने इतक्या दूर आली होती, हे मला पुष्कळ मोठेपणी उमगले. माझे वडील त्यांना तांब्याभर पाणी देत, काही विचारले की हसून मान हलवत आणि खरे काहीही सांगत नसत. साहेब, तुमच्यावर ठपका ठेवण्याचा हेतू नाही, परंतु त्या मुलांच्या घरचे लोक तुमच्याशीही असेच वागत होते का?

साखळीची शिक्षिका

सर्वांची मी ऋणी आहे. साहेब, आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर मलाही हवे आहे. आणि जमल्यास हेही सांगावे, की आज एखादा तरुण अधिकारी अशा कामाला निघाला तर त्याला आपण काय सांगाल?

निवृत्त पायदळ अधिकारी, पर्वरी

आजोबा, होय. बट्टिकलोआच्या खाडीकाठी माडांच्या सावलीत बसलो की आपल्या मांडवीकाठी बसल्यासारखे वाटे. लोक शहाळी फोडून देत, हसत, आणि आम्ही अहवालात ‘गाव अनुकूल’ असे लिहीत असू. तुमच्या वडिलांच्या तांब्यातले पाणी पिऊन त्या पोर्तुगीज गस्तीनेही कदाचित तसेच लिहिले असेल. हे मला आजवर कोणी दाखवून दिले नव्हते.

मडगावच्या मित्रांचा मुद्दा मला मान्य आहे. त्या दलाला मी शिकवू शकत होतो. कोणाला भरती करावे, कोणाला घरी पाठवावे, पगार कोणी द्यावा, यांपैकी काहीही माझ्या हाती नव्हते.

बाई, त्या तरुण अधिकाऱ्याला मी सांगेन की निदान सहा महिने भाषा शिकल्याखेरीज जाऊ नये, आणि मुले कोणी व कशी आणली हे स्वतः पाहिल्याखेरीज पहिला वर्ग घेऊ नये. परतीचा आराखडा होईल तेव्हा आपल्या गाड्यांची आणि दारूगोळ्याची यादी करण्याआधी त्या मुलांच्या व त्यांच्या कुटुंबांच्या नावांची यादी करावी आणि ती वर मान्य होईपर्यंत हट्ट सोडू नये. आम्ही गाड्यांची यादी अतिशय चोख केली होती.

आपल्या वर्गात यायला मला आवडेल. त्या मास्तरांविषयी मुलांना नक्की सांगेन, त्यांचे नावही सांगेन. येथे मात्र लिहीत नाही, कारण त्यांची माणसे अजून त्याच गावात राहतात.