मदत हवी आहे: ग्राफीन फोटोडिटेक्टर, लेझर बंद केला तरी करंट खाली येत नाही

थर_एक: ग्राफीनचा (कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थराचा) फोटोडिटेक्टर, म्हणजे प्रकाश ओळखणारं डिव्हाइस, बनवलाय. लेझर पाडला की करंट बदलतो, पण इतका हळू की आलेख स्थिर व्हायची वाट बघत बसावं लागतं. बंद केल्यावर मूळ जागी यायला कित्येक मिनिटं लागतात, कधी येतच नाही. सगळीकडे तर वाचतो की ग्राफीन गिगाहर्ट्झमध्ये (सेकंदाला अब्जावधी वेळा) चालतं! त्यात एकाच चिपवरच्या दोन डिव्हाइसपैकी एकात करंट वाढतो, दुसऱ्यात घटतो. गाइडना लवकरच दाखवायचंय. कृपया उपाय सांगा.

कार्बनवेडा: ग्राफाइटवरून सोललेलं ग्राफीन की सीव्हीडी, म्हणजे वायूतून वाढवलेलं? सबस्ट्रेट (खालचा आधार) कोणतं? हवेत मोजता की व्हॅक्यूममध्ये? गेट (ग्राफीनमधला चार्ज कमी-जास्त करणारा इलेक्ट्रोड) किती व्होल्टवर? लेझरची तरंगलांबी आणि पॉवर? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

क्वांटम_ठिपका: एक थर फक्त २.३ टक्के प्रकाश शोषतो, सगळं दुखणं तिथेच आहे. वर लेड सल्फाइडचे क्वांटम डॉट (प्रकाश शोषणारे काही नॅनोमीटरचे कण) पसरा. स्पेनमधल्या आयसीएफओ संस्थेच्या गटाने २०१२ साली असाच डिटेक्टर केला आणि १ कोटी अँपिअर प्रति वॅटच्या आसपास रिस्पॉन्सिव्हिटी (दर वॅट प्रकाशामागे मिळणारा करंट) मिळवली. नुसत्या ग्राफीनला मिलिअँपिअर प्रति वॅटच्या घरातच राहावं लागतं.

निर्वात: अहो, त्यांची तक्रार वेगाची आहे. डॉटमध्ये एक चार्ज अडकून बसतो आणि तेवढ्या वेळात ग्राफीनमधून असंख्य चार्ज वाहून जातात, म्हणून तो गेन (वाढीव करंट) मिळतो. जितका जास्त वेळ अडकेल तितका गेन जास्त आणि वेग कमी. तुम्ही दुखण्यावर दुखणंच सुचवताय.

क्वांटम_ठिपका: गेटला छोटा पल्स दिला की अडकलेला चार्ज निघून जातो. त्याच कामात ते दाखवलेलं आहे. पूर्ण वाचून मग बोला.

थर_एक: सीव्हीडी, पीएमएमए या प्लास्टिकच्या थराने ट्रान्सफर केलेलं. सिलिकॉनवर ३०० नॅनोमीटर ऑक्साइड. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर. मोजमाप हवेतच. रामन (विखुरलेल्या प्रकाशावरून दर्जा तपासणं) उत्तम आहे, २डी शिखर जी शिखराच्या दुप्पट, दोष दाखवणारं डी शिखर जवळजवळ नाही. म्हणजे ग्राफीनमध्ये दोष नाही. गेटला काही जोडलेलं नाही.

कार्बनवेडा: गेट मोकळा सोडलाय? मग दोन डिव्हाइसची तुलनाच करता येणार नाही. पीएमएमएचे अवशेष आणि हवेतलं ओलसर ऑक्सिजन यांमुळे ग्राफीन पी-डोप होतं (त्यात धन चार्ज वाढतो), आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळा. आधी गेट स्वीप करून (व्होल्टेज हळूहळू बदलत) डिराक बिंदू, म्हणजे करंट सर्वांत कमी होतो ते व्होल्टेज, शोधा. जाताना आणि येताना तो वेगळ्या जागी दिसला, तर ऑक्साइडमध्ये आणि पृष्ठभागावर चार्ज अडकतोय.

वायुगंध: मला वाटतं तुमच्या हातात उत्तम गॅस सेन्सर आहे! २००७ साली मँचेस्टरच्या गटाने ग्राफीनवर नायट्रोजन डायऑक्साइडचा एकेक रेणू चिकटताना टिपला होता. तुमचा प्रकाश पृष्ठभागावरचा ऑक्सिजन उडवतोय आणि बंद केल्यावर तो सावकाश परत चिकटतोय. प्रकाशाचा नाद सोडा, विषय बदला.

निर्वात: निदान बरोबर, सल्ला चुकीचा. ग्राफीनमधले तापलेले इलेक्ट्रॉन पिकोसेकंदांत थंड होतात. ज्याला मिनिटं लागतात ते काम इलेक्ट्रॉनचं स्वतःचं नाही. व्हॅक्यूममध्ये ठेवा, थोडं तापवा, मग मोजा. लेझर चॉपरने (फिरत्या चकतीने) तोडून लॉक-इनने (फक्त त्याच वारंवारतेचा सिग्नल वाचणाऱ्या यंत्राने) वाचलंत तर हळू सरकणारा भाग आपोआप बाजूला पडेल.

प्रथिन_शोध: थोडं अवांतर. मी ग्राफीनवर अँटिबॉडी लावून द्रवात मोजतेय, पण सलाइनमध्ये सिग्नलच येत नाही. कुणी सांगेल का?

कार्बनवेडा: शरीरातल्या द्रवाइतकं मीठ असेल तर डिबाय लांबी (द्रवात चार्जचा परिणाम जिथवर पोचतो ते अंतर) एक नॅनोमीटरपेक्षाही कमी. अँटिबॉडी त्याहून कितीतरी उंच असते, तिच्या टोकावरचा चार्ज ग्राफीनपर्यंत पोचतच नाही. बफर पातळ करा किंवा छोटा ॲप्टामर (डीएनए किंवा आरएनएचा, ठरावीक रेणूला चिकटणारा तुकडा) वापरा. पण स्वतंत्र धागा काढा, इथलं मूळ राहून जाईल.

षट्कोन: ऑक्साइड काढून ग्राफीन बोरॉन नायट्राइडच्या दोन थरांमध्ये ठेवा. हिस्टेरेसिस (जाताना-येतानाचा तो फरक) जवळपास जातो. आम्ही दुसरं काही वापरतच नाही.

निर्वात: त्यांच्याकडे अख्खी सीव्हीडी चिप तयार आहे. ती टाकून पुन्हा सुरुवात करायला सांगणं बरं नव्हे.

तरंगलांबी: धागाकर्ते, एक गोष्ट कुणीच विचारली नाही. वेफरचं (खालच्या सिलिकॉन चकतीचं) डोपिंग, म्हणजे मुद्दाम घातलेली भेसळ, किती? हलक्या डोपिंगचा असेल तर हिरवा प्रकाश ऑक्साइडमधून आरपार जाऊन सिलिकॉनमध्ये शोषला जातो, तिथले चार्ज ऑक्साइडच्या सीमेवर जमतात आणि खालून ग्राफीनला गेट करतात. तुम्हाला तो ग्राफीनचा फोटोकरंट वाटतो. तपासायला सोपं आहे: लेझरचा ठिपका चॅनेलपासून (ग्राफीनच्या पट्टीपासून) दूर, नुसत्या ऑक्साइडवर पाडा.

थर_एक: वेफरच्या डब्यावर १ ते १० ओहम-सेंटिमीटर लिहिलंय, म्हणजे हलकं डोपिंग. व्हॅक्यूममध्ये नेऊन चॉपर लावला. मिनिटांचा भाग खूप कमी झाला, वेगवान सिग्नल उरला. पण ठिपका चॅनेलच्या बाहेर पाडला तरी तो सिग्नल येतोच! गेट बदलला तर डिराक बिंदूच्या एका बाजूला वाढतो, दुसऱ्या बाजूला घटतो.

तरंगलांबी: दोन डिव्हाइसचं कोडं यातच सुटतं: ती बिंदूच्या विरुद्ध बाजूंना आहेत. चिन्ह असं पालटलं की तो गेटिंगचाच परिणाम समजा. आता दोन वाटा. भरपूर डोपिंगचा वेफर घ्या, किंवा याच चिपवर १५५० नॅनोमीटरचा लेझर लावा. सिलिकॉन ११०० च्या पुढे जवळजवळ काही शोषत नाही. मग उरेल तो ग्राफीनचा. ठिपका एका सोन्याच्या संपर्काच्या कडेवरून दुसऱ्यापर्यंत सरकवा, बायस (दोन संपर्कांमधलं व्होल्टेज) शून्य ठेवून. दोन टोकांना उलट चिन्ह आलं पाहिजे.

क्वांटम_ठिपका: १५५० लाही एक थर २.३ टक्केच शोषणार. डॉटशिवाय सिग्नल कुठून दिसणार?

निर्वात: लॉक-इनने दिसतो. २००९ पासून लोक नुसत्या ग्राफीनवर असे डिटेक्टर करताहेत, आयबीएमच्या डिटेक्टरचा प्रतिसाद ४० गिगाहर्ट्झपर्यंत मोजलाय.

थर_एक: १५५० चा लेझर शेजारच्या प्रयोगशाळेत आहे, उद्या मागतो. शून्य बायसला करंट किती अपेक्षित धरू? प्रीअँपची (छोटा करंट वाढवणाऱ्या उपकरणाची) रेंज ठरवायचीय.

तरंगलांबी: ठिपक्यावर पडणारी पॉवर अजून सांगितलीच नाहीत. मिलिवॅट असेल तर मायक्रोअँपिअर किंवा त्याहून कमी धरा, आणि रेंज मोठ्यापासून सुरू करून खाली या.