धातूचे इम्प्लांट आणि ३ टेस्लाचा आग्रह

खुब्याचा कृत्रिम सांधा असलेल्या रुग्णाचा एमआरआय १.५ ऐवजी ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचे एकक) यंत्रावर अधिक स्पष्ट येईल, असा एक दावा आहे. धातू नसता तर ते मान्य करता आले असते. धातूमुळे आसपासच्या चुंबकीय क्षेत्रात होणारा बिघाड मूळ क्षेत्राच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे बँडविड्थ (संकेत वाचताना वापरलेला वारंवारितांचा पट्टा) आणि बाकीची मांडणी तीच ठेवली, तर प्रतिमेतील बिंदूंचे १.५ टेस्लाच्या साधारण दुप्पट विस्थापन, म्हणजे जागेवरून सरकणे, ३ टेस्लावर दिसते, आणि सांधा सैल झाला आहे का हे हाडाच्या ज्या कडेवरून ठरवायचे, नेमकी तीच काळ्या पोकळीत व तिच्या काठच्या लखलखीत रेघेत हरवते. टायटॅनियम त्यामानाने परवडते. कोबाल्ट-क्रोम हा मिश्रधातू बराच अधिक त्रास देतो. प्रतिमा घेण्याच्या पद्धतींपैकी ग्रेडियंट एको टाळून फास्ट स्पिन एको घ्यावा, बँडविड्थ वाढवावी आणि चरबीचा संकेत दाबण्यासाठी स्टर (STIR) ही पद्धत वापरावी (प्रतिमेत गोंगाट वाढतो, पण तो पत्करण्याजोगा आहे).

सुरक्षितता हा मात्र निराळा प्रश्न आहे. १.५ टेस्लावर मान्यता असलेले इम्प्लांट ३ टेस्लावर चालेलच असे नाही, आणि याच्या उलटही गृहीत धरू नये. कारण रेडिओ लहरींची वारंवारिता सुमारे ६४ वरून १२८ मेगाहर्ट्झवर जाते आणि पेसमेकरच्या तारेसारख्या लांब वस्तूचे तापणे तिच्या लांबीशी व लहरीच्या लांबीशी निगडित असते.