ऐकताना बोट ओळीवर हवं

वाचताना अडखळणाऱ्या मुलाला पुस्तक समोर ठेवून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवली, तर ऐकून ऐकून मूल ती पाठच करतं, मग ते वाचन कसलं, असं एका ताईंनी विचारलंय. शंका रास्त आहे. ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या ऑफिसात संध्याकाळी चौथी-पाचवीची मुलं येतात, तिथे हे सारखं दिसतं. पाठ होऊ द्या, फक्त ऐकताना बोट शब्दाखाली सरकलं पाहिजे. नंतर मधलाच एखादा शब्द दाखवून विचारायचं. एक मुलगी 'सूर्य'पाशी हमखास अडायची, रफार आधी बोलायचा की नंतर तेच कळेना. फोनवर सावकाश वाचून तो उतारा रेकॉर्ड करून दिला. आता 'पर्वत', 'वर्ग' न सांगता वाचते!

अमेरिकेत भाषातज्ज्ञ कॅरल चॉम्स्की यांनी १९७०च्या दशकात तिसरीतल्या अडखळणाऱ्या मुलांना टेपवरच्या गोष्टी अशाच ऐकवल्या होत्या. तिथलेच संशोधक सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचून घ्यायची पद्धत मांडली, तीही ५० ते २०० शब्दांच्या उताऱ्यावर. म्हणून अख्खा धडा नकोच. अक्षरओळखच कच्ची असेल तर आधी ती पक्की करा, नुसतं ऐकवून भागत नाही. आणि कृपा करून अशा मुलाला सगळ्या वर्गासमोर उभं करून वाचायला लावू नका.