मदत हवी आहे: परदेशात स्वयंसेवक, पहिल्यांदाच एकटीचं घर

नमस्कार मंडळी. दोन वर्षांसाठी स्वयंसेवक म्हणून परदेशात आले आहे. पहिले तीन महिने एका स्थानिक कुटुंबाकडे होते, गेल्या आठवड्यात स्वतःच्या दोन खोल्यांत राहायला आले. याआधी एकटी कधीच राहिले नव्हते.

पाण्याचं जमलं. उकळी फुटल्यावर पूर्ण १ मिनिट ठेवते (२००० मीटरच्या वर राहत असाल तर ३ मिनिटं), झाकूनच गार करते. मच्छरदाणीही रोज गादीखाली खोचते. वीज मात्र बेभरवशाची आणि मानधन बेताचं, त्यामुळे फ्रिज घ्यावा की नाही ठरत नाहीये. तुम्ही त्याशिवाय कसं भागवलंत?

खरी अडचण संध्याकाळची आहे. त्या घरी जेवताना गप्पांमधून भाषा आपोआप कानावर पडायची, आता दार लावलं की सगळं शांत. शेजारी प्रेमाने वेळी-अवेळी डोकावतात, त्यांची मुलं तर थेट आत येतात. मला ही माणसं हवी आहेत, अगदी मनापासून, पण थोडा एकांतही हवाय. कुणाला न दुखावता हे कसं सांगायचं?

आणि हो, दाराची कडी ढिली आहे. घरमालकांकडे नवं कुलूप मागितलं तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल का?

असं राहिलेल्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.